टिंबूची मान आणि सगळ्यांचा मान

एक होतं कासवाचं पिल्लू. केवढं होतं? तुमच्या मुठीत मावेल एवढं. लांबून बघितलं तर नुसतं टिंब. म्हणून त्याचं नाव टिंबू.

टिंबूला पाय चार. शेपूट एक, असून नसल्यासारखी. पण मान? मान मात्र झकास! आत घेतली की जायची सुळकन आत. बाहेर काढली की यायची टुपकन बाहेर.

सुळकन आत! टुपकन बाहेर!
सुळकन आत! टुपकन बाहेर!

दिवसभर दुसरा उद्योगच नाही.

गावाच्या कडेला एक टेकडी. टेकडीवर झुलाई देवीचं देऊळ. टेकडीखाली तळं. तळ्यात राहायचं टिंबू आणि टिंबूची आई. देवळातली घंटा तळ्यात ऐकू यायची. ठण्ण! पण देवी काही टिंबूनं पाहिली नव्हती.

टिंबू विचारायचं, "आई, देवी केवढी असते? ती रागावते का? ती चावते का?"

आई म्हणायची, "जाशील तेव्हा बघशील."

आणि एक दिवस जत्रा आली. आई म्हणाली, "आज जायचं हं देवीला. पहिल्यांदाच जायचं, तर नीट तयारी करून जायचं."

"काय काय करायचं?"

"आधी आंघोळ करायची."

टिंबू पाण्यातच होतं. आंघोळ झाली.

"चपला काढायच्या."

चपला नव्हत्याच. त्याही काढून झाल्या.

"स्वच्छ कपडे घालायचे."

टिंबूनं पाठीवरचं शेवाळ पुसलं. झाले कपडे.

"आणि देवीला नारळ न्यायचा."

आईनं टिंबूच्या पाठीवर नारळ ठेवला. टिंबू दिसेनासं झालं. नारळाखालून आवाज आला, "आई, अंधार झाला!"

"राहू दे नारळ," आई म्हणाली. "तू आपला गूळ ने."

आईनं पाठीवर गुळाचा खडा ठेवला. एवढुसा. गूळ होता चिकट, बसला चिकटून.

"सांभाळून ने रे बाळा. देवीला रिकाम्या हाती जायचं नाही. पहिल्यांदा तर नाहीच नाही."

"तू नाही येत?"

"मी दरवर्षी जाते. टेकडी चढून माझे चारही गुडघे दुखतात. यंदा तू जा. मला सांग काय काय पाहिलंस ते."

निघालं टिंबू.

थपक थपक थपक!
थपक थपक थपक!

वाटेवर होती जत्रेची धूळ. धूळ गेली नाकात. नाक लागलं हुळहुळायला. आणि मग...

आ... आ... आक्छी!

टिंबू राहिलं जागच्या जागी. पाठीवरचा गूळ मात्र उडाला!

गडगड गडगड गडगड... गुडुप!

कुठे गेला? वाटेवर उभी होती एक बैलगाडी. गाडीच्या चाकामागे होता एक दगड. चाक आणि दगड यांच्यामध्ये होती एक फट. त्या फटीत जाऊन बसला गूळ.

टिंबूनं फटीत पाय घातला. पोचेना.
टिंबूनं फटीत मान घातली. पोचेना.

टिंबूला रडूच आलं. सकाळपासून एवढी तयारी केली, आणि नेमका गूळच पळाला! आता रिकाम्या हाती देवीला कसं जायचं?

टिंबूनं वर बघितलं. वर होतं चाक. भलं मोठं.

टिंबू म्हणालं,
"चाकदादा, चाकदादा, जरा हला ना!
चाक हलल्याशिवाय गूळ निघत नाही.
आणि गुळाशिवाय मी देवीला जात नाही!"

चाक कुरकुरलं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

"कुई कुई! कुई कुई! मी काय आपला आपण हलतो होय? त्या बैलाला सांग. गाडी ओढल्याशिवाय मी हलत नाही!"

टिंबू निघालं बैलाकडे.

थपक थपक थपक!

बैलाचं नाव गबरू. गबरूसमोर कडबा होता. पण गबरू कडबा कमी खात होता आणि भाव जास्त खात होता.

टिंबू म्हणालं,
"गबरूदादा, गबरूदादा, गाडी ओढा ना!
गाडी ओढल्याशिवाय चाक हलत नाही.
चाक हलल्याशिवाय गूळ निघत नाही.
आणि गुळाशिवाय मी देवीला जात नाही!"

गबरूनं नाक फेंदारलं. फुस्स!

"ओढू? असाच ओढू? आज जत्रा आहे जत्रा! माझ्या शिंगाला लाल गोंडा नको? गोंडा बांधल्याशिवाय मी गाडी ओढत नाही. मला मान पाहिजे, मान!"

मान?

टिंबूची मान सुळकन आत!

टिंबू आतल्या आत म्हणालं, "बाप रे! याला मान पाहिजे? याची स्वतःची मान एवढी जाडजूड आहे. माझी कशाला हवी?"

मग हळूच बघितलं. गबरू कडबा चघळत होता.

मान टुपकन बाहेर!

"गोंडा कोण बांधतं?" टिंबूनं विचारलं.

"हौसाकाकू," गबरू म्हणाला.

टिंबू निघालं हौसाकाकूकडे.

थपक थपक थपक!

हौसाकाकू दारात बसली होती. मांडीवर लाल गोंडा. नाकात नथ. आणि नाक? नाक फारच वर.

टिंबू म्हणालं,
"काकू, काकू, गोंडा बांधा ना!
गोंडा बांधल्याशिवाय गबरू गाडी ओढत नाही.
गाडी ओढल्याशिवाय चाक हलत नाही.
चाक हलल्याशिवाय गूळ निघत नाही.
आणि गुळाशिवाय मी देवीला जात नाही!"

"अगं बाई!" हौसाकाकू म्हणाली. "कोण बोलतंय? दगड बोलतोय व्हय?"

"दगड नाही, मी टिंबू."

"बरं बरं. ऐक टिंबू. दरसाली पयला ढोल आमच्या दारात वाजतो. मग मी गोंडा बांधते. यंदा अजून ढोलच न्हाई आला. शेजारणीच्या दारात आधी वाजला तर मी काय करायचं? ढोल वाजल्याशिवाय मी गोंडा बांधत नाही. आमच्या घराला मान हाय, मान!"

मान?

टिंबूची मान सुळकन आत!

आणि आत बसून टिंबूला प्रश्न पडला. घराला दार असतं. घराला खिडकी असते. घराला मान कुठे असते? नसते! म्हणजे हौसाकाकू घरासाठी मान शोधतेय की काय? आणि ती लावणार कुठे, कौलांवर?

थोड्या वेळानं, मान टुपकन बाहेर!

"ढोल कोण वाजवतं?"

"सर्जाअप्पा. तो काय, वडाच्या पारावर बसलाय."

टिंबू निघालं सर्जाअप्पांकडे.

थपक थपक थपक!
दमलं. थांबलं.
थपक थपक थपक!

सर्जाअप्पा पारावर बसले होते. त्यांचं पोट मोठं. त्यांचा ढोलही मोठा. ढोल कुठे संपतो आणि पोट कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं.

टिंबू म्हणालं,
"अप्पा, अप्पा, ढोल वाजवा ना!
ढोल वाजल्याशिवाय काकू गोंडा बांधत नाही.
गोंडा बांधल्याशिवाय गबरू गाडी ओढत नाही.
गाडी ओढल्याशिवाय चाक हलत नाही.
चाक हलल्याशिवाय गूळ निघत नाही.
आणि गुळाशिवाय मी देवीला जात नाही!"

सर्जाअप्पांनी इकडे बघितलं. तिकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले,

"गेल्या साली मी ढोल आधी वाजवला. ढुम! एकदाच. तर तुतारीवाला भिकातात्या आठ दिवस माझ्याशी बोलला न्हाई. चहाला बोलावला तर आला न्हाई. भजी केली तरी आला न्हाई! भजी सगळी मला एकट्याला खावी लागली."

"अरेरे!" टिंबू म्हणालं.

"व्हय ना. तवा बाबा, नको ती भानगड. तुतारी फुंकल्याशिवाय मी ढोल वाजवत नाही. पयला मान तुतारीचा!"

मान?

टिंबूची मान सुळकन आत!

पहिला मान! म्हणजे आधी एक घेणार, मग दुसरी घेणार? टिंबूनं आतल्या आत मोजलं. एक. परत मोजलं. एकच! टिंबूकडे मान एकच होती.

अप्पा ढोलावर डोकं ठेवून डुलक्या काढायला लागले. घर्रर्र!

मान टुपकन बाहेर! आणि टिंबू निघालं भिकातात्यांकडे.

थपक थपक थपक!

भिकातात्या टेकडीच्या पायथ्याशी, पहिल्याच पायरीवर उभे होते. हातात होती तुतारी. तुतारी वाकडी. तात्यांच्या मिशा वाकड्या. आणि तोंड तर त्याहून वाकडं.

टिंबू म्हणालं,
"तात्या, तात्या, तुतारी फुंका ना!
तुतारी फुंकल्याशिवाय अप्पा ढोल वाजवत नाहीत.
ढोल वाजल्याशिवाय काकू गोंडा बांधत नाही.
गोंडा बांधल्याशिवाय गबरू गाडी ओढत नाही.
गाडी ओढल्याशिवाय चाक हलत नाही.
चाक हलल्याशिवाय गूळ निघत नाही.
आणि गुळाशिवाय मी देवीला जात नाही!"

"वर बघ," भिकातात्या म्हणाले.

टिंबूनं वर बघितलं.

"देवळाचं दार दिसतंय?"

"दिसतंय."

"उघडं हाय का बंद?"

"बंद."

"मग! बंद दारापुढं तुतारी फुंकायला मी काय खुळा हाय? देवी आत, आन् मी भाईर फूं फूं करतोय! लोक हसतील की! दार उघडल्याशिवाय मी तुतारी फुंकत नाही. माझ्या तुतारीचा काही मान हाय का न्हाई?"

मान?

टिंबूची मान सुळकन आत!

आतून टिंबूनं तुतारीकडे नीट बघितलं. लांबच लांब. इकडे वळलेली. तिकडे वळलेली. ही तर सगळी मानच आहे! हिला आणखी मान हवी? हावरट कुठली!

मान टुपकन बाहेर!

"दार कोण उघडतं?"

"नामा गुरव. वर जा, वर!"

देवळाच्या पायऱ्या उंच उंच. टिंबूचे पाय बुटके बुटके. पण पायऱ्यांच्या कडेला होता उतार. टिंबू उतारावरून चढायला लागलं.

थपक थपक थपक, सर्रर्र! घसरलं.
थपक थपक थपक, सर्रर्र! परत घसरलं.
थपक थपक थपक थपक थपक... पोचलं!

वर देवळाचा ओटा. ओट्यावर बंद दार. दारापुढे नामा गुरव. सोवळं नेसून, दोन्ही हात वर करून उभे. कशाला? कुणाचा धक्का लागू नये म्हणून. माशी बसली नाकावर, तरी हात वरच!

टिंबू म्हणालं,
"गुरवबाबा, गुरवबाबा, दार उघडा ना!
दार उघडल्याशिवाय तात्या तुतारी फुंकत नाहीत.
तुतारी फुंकल्याशिवाय अप्पा ढोल वाजवत नाहीत.
ढोल वाजल्याशिवाय काकू गोंडा बांधत नाही.
गोंडा बांधल्याशिवाय गबरू गाडी ओढत नाही.
गाडी ओढल्याशिवाय चाक हलत नाही.
चाक हलल्याशिवाय गूळ निघत नाही.
आणि गुळाशिवाय मी देवीला जात नाही!"

"लांब! लांब! शिवू नकोस!" गुरवबाबा ओरडले. "आन् हा ओटा बघ. बघ बघ! पानं पडल्यात. फुलं पडल्यात. नारळाच्या शेंड्या पडल्यात. आन् ह्या? ह्या कसल्या?"

टिंबूनं वास घेतला. "शेळीच्या लेंड्या!"

"लेंड्या! देवीच्या दारात लेंड्या! ओटा झाडल्याशिवाय मी दार उघडत नाही."

"मग झाडा ना!"

"मी? मी सोवळ्यात हाय. केरसुणीला शिवलो तर पुन्हा आंघोळ करावी लागंल. आन् आज पाणी लई गार हाय. सकाळी कसेबसे दोन तांबे घेतलेत अंगावर. देवीचा गुरव हाय मी, काही मान हाय का न्हाई मला?"

मान?

टिंबूची मान सुळकन आत!

आणि या वेळी बाहेर आलीच नाही. एक मिनिट झालं. नाही आली. दोन मिनिटं झाली. नाही आली. टिंबूला वाटलं, पुरे झालं. इथे ज्याला त्याला मान पाहिजे. आपण आपलं घरी जावं. तळं बरं.

तेवढ्यात दाराखालच्या फटीतून उजेड आला. पिवळा पिवळा, एवढुसा. आत दिवा होता. दिव्यापाशी देवी होती. इतकी जवळ! टिंबूला देवी बघायचीच होती. फार फार बघायची होती.

मान... हळूच... टुपकन बाहेर!

"केरसुणी कुठे आहे?"

"त्या कोपऱ्यात. रुसून बसलीय. आता माझ्या नाकावरची माशी तेवढी हाकल."

टिंबू माशीपर्यंत पोचलं नसतं. ते निघालं केरसुणीकडे.

थपक थपक थपक!

केरसुणी कोपऱ्यात उभी. तोंड भिंतीकडे. बोलायचंच नाही कुणाशी!

टिंबू म्हणालं,
"केरसुणीमावशी, केरसुणीमावशी, ओटा झाडा ना!
ओटा झाडल्याशिवाय गुरवबाबा दार उघडत नाहीत.
दार उघडल्याशिवाय तात्या तुतारी फुंकत नाहीत.
तुतारी फुंकल्याशिवाय अप्पा ढोल वाजवत नाहीत.
ढोल वाजल्याशिवाय काकू गोंडा बांधत नाही.
गोंडा बांधल्याशिवाय गबरू गाडी ओढत नाही.
गाडी ओढल्याशिवाय चाक हलत नाही.
चाक हलल्याशिवाय गूळ निघत नाही.
आणि गुळाशिवाय मी देवीला जात नाही!"

एवढं बोलून टिंबूला धाप लागली. हुश्श!

केरसुणी गर्रकन वळली.

"नाही झाडणार! नाही म्हणजे नाही! पानं कोण झाडतं? मी. फुलं कोण झाडतं? मी. लेंड्या कोण झाडतं?"

"तुम्ही," टिंबू म्हणालं.

"मी! आणि मान कुणाला? बैलाला मान. काकूच्या घराला मान. ढोलाला, तुतारीला, गुरवाला मान. आणि मला? कुणाचा पाय लागला तर नमस्कार करतात, तोसुद्धा घाईघाईत. दिवाळीला एक बोट हळदकुंकू लावतात. की मग वर्षभर बस कोपऱ्यात! मला मान दिल्याशिवाय मी ओटा झाडत नाही!"

मान?

टिंबूची मान सुळकन आत!

"मावशी," आतून बारीक आवाज आला. "तुम्हाला मान कोण देणार?"

"तू दे की!"

टिंबूनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. आता पुढे जायला कुणीच नव्हतं. केरसुणीच्या मागे होती भिंत. भिंतीला काय सांगणार?

"मावशी, दुखेल का हो?"

"काय दुखेल?"

"मान दिली की."

"मला मिळालाच नाही कधी. मला काय माहीत?"

टिंबूनं खूप विचार केला. मान एकच होती, झकास होती. तिच्याशिवाय दिवसभर करायचं तरी काय? पण देवी बघायची होती. आणि मावशी बिचारी रोज लेंड्या झाडत होती.

टिंबू म्हणालं, "बरं. घ्या माझी मान."

आणि टिंबूनं मान काढली. हळूहळू. लांब. आणखी लांब. केरसुणीपुढे जमिनीवर टेकवली. डोळे घट्ट मिटले.

केरसुणी बघतच राहिली. तिच्यापुढे मान? एवढी खाली? आणि पाय लागला म्हणून नाही, घाईघाईत नाही, आपणहून!

"अगं बाई गं! मिळाला! मला मान मिळाला!" केरसुणीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की तिच्या काड्या थरथरायला लागल्या.

टिंबूनं एक डोळा उघडला. "घेतली?"

"घेतला!"

टिंबूनं बघितलं. सुळकन आत! टुपकन बाहेर! अरेच्चा! मान तर इथेच आहे. मान देऊनसुद्धा मान शिल्लक!

मग काय विचारता!

केरसुणीनं ओटा झाडला. सर्र सर्र सर्र! पानं गेली, फुलं गेली, शेंड्या गेल्या, लेंड्या गेल्या. आणि लेंड्यांबरोबर टिंबूही गेलं! गेलं की उतारावरून खाली!

गडगड गडगड गडगड!

ओटा झाडला, म्हणून गुरवबाबांनी दार उघडलं. कर्रर्रर्र!
टिंबू गडगड गडगड!
दार उघडलं, म्हणून तात्यांनी तुतारी फुंकली. तूं ऊं ऊं ऊं!
टिंबू गडगड गडगड!
तुतारी फुंकली, म्हणून अप्पा जागे झाले. काकूच्या दारात गेले. ढोल वाजवला. ढबाक ढुम! ढबाक ढुम!
टिंबू गडगड गडगड!
ढोल वाजला, म्हणून काकूनं गोंडा बांधला. गच्च!
टिंबू गडगड गडगड!
गोंडा बांधला, म्हणून गबरूनं गाडी ओढली. हम्मा!
गाडी ओढली, म्हणून चाक हललं. कुई कुई!
चाक हललं, म्हणून फट उघडली.
आणि टिंबू पोचलं थेट गुळापाशी. थप्प!

वर जायला लागला होता सबंध दिवस. खाली यायला लागलं अर्धं मिनिट.

गुळाच्या खड्यावर होत्या तीन मुंग्या. टिंबूनं फुंकर मारली. फू! आणि गूळ घेतला तोंडात. पाठीवर ठेवायची सोयच नव्हती. पुन्हा शिंक आली असती तर?

हौसाकाकूनं टिंबूला उचललं आणि गाडीत ठेवलं. गबरू पुढे. चाकं खाली. अप्पा बाजूला. तात्या निघाले पायऱ्यांनी. गाडी गेली वळणावळणाच्या गाडीवाटेनं टेकडीवर.

कुई कुई! ढबाक ढुम! कुई कुई! ढबाक ढुम!

देऊळ आलं. दार उघडं होतं. आता सगळे आत जाणार, नाही का?

छे! दारातच भांडण!

"पयला मान माझा!" काकू म्हणाली.
"पयला मान माझा!" अप्पा म्हणाले.
"माझा!" तात्या म्हणाले.
"मी गुरव हाय, माझा!" गुरवबाबा म्हणाले. सोवळं विसरून तेही घुसले गर्दीत.
"हम्मा!" गबरू म्हणाला. म्हणजे, माझा.

दार लहान. माणसं चार. ढोल एक. तुतारी एक. आणि बैल! काकूची नथ अडकली अप्पांच्या ढोलाला. तुतारी अडकली गबरूच्या शिंगात. कुणी आत जाईना, कुणी बाहेर येईना. सगळे ओरडताहेत, मान! मान! मान!

काकूनं टिंबूला खाली ठेवलं होतं. पायांच्या गर्दीत. सहा माणसांना पुरतील एवढे पाय! टिंबू पायांमधून निघालं. थपक थपक थपक! आणि उंबऱ्याशी येऊन थांबलं. उंबरा उंच. टिंबू बुटकं. आता?

तेवढ्यात मागून आली केरसुणी.

"गूळ धर हं टिंबू, घट्ट!"

सर्रर्रर्र!

टिंबू उंबऱ्यावरून उडालं आणि घसरत घसरत थेट देवीपुढे!

आत सगळं शांत. दिवा जळत होता. उदबत्तीचा वास येत होता. टिंबूनं गूळ खाली ठेवला. आणि मान काढली. लांब, लांब, लांब. आणि देवी बघितली.

देवी होती एक गोल दगड. शेंदरी शेंदरी. दोन मोठे चांदीचे डोळे. कपाळाला कुंकू. देवी टिंबूकडे बघत होती. टिंबू देवीकडे बघत होतं. ती रागावली नाही. ती चावली नाही. टिंबूला ती फार आवडली.

मग टिंबूनं आणखी नीट बघितलं. वर डोळे. खाली लगेच पाट. मध्ये काय? मध्ये काहीच नाही!

टिंबू जोरात ओरडलं,

"अहो! देवीला मानच नाही!"

बाहेरची भांडणं एकदम थांबली.

देवीला मान नाही?

काकूनं अप्पांकडे बघितलं. अप्पांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी गुरवबाबांकडे बघितलं. गुरवबाबांनी खाली बघितलं. सगळ्यांना अगदी लाज वाटली. टिंबू आपलं खरंच देवीची मान शोधत होतं. इकडून बघत होतं, तिकडून बघत होतं.

मग काकूनं नथ सोडवली. तात्यांनी तुतारी सोडवली. सगळे उंबऱ्याबाहेरच थांबले आणि सगळ्यांनी मान खाली घातली. गबरूनंसुद्धा. त्याचा गोंडा त्याच्याच डोळ्यांवर आला.

गुरवबाबा हळूच आत आले. म्हणाले, "टिंबू, आण तुझा गूळ. आज पयला नैवेद्य तुझा."

गूळ देवीपुढे ठेवला. घंटा वाजवली. ठण्ण! मग तो एवढुसा खडा गुरवबाबांनी परत टिंबूला दिला. "घे, परसाद."

टिंबूनं गूळ तोंडात टाकला. गूळ टिंबूच्या मानेतून खाली जाताना सगळ्यांना दिसला.

गुटुक!

गूळ गेला टिंबूच्या पोटात, गोष्ट आली तुमच्या ओठात. आता सांगा बघू, तुमची मान कुठे आहे?